मी पिवळं पान हिरवं दाखवलं

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या खिशात मी तीन वर्षं काढली. तीन वर्षांत तुमच्याकडे पोर जेमतेम धड बोलायला लागतं, आमच्याकडे मात्र तेवढ्यात म्हातारपण येतं. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेलाय. पाठीवर फवाऱ्याच्या औषधाचे निळे ठिपके आहेत. बॅटरी म्हणाल तर दुपारच्या भाकरीपर्यंत तग धरते आणि मग मान टाकते. पण ह्यातल्या कशाचीच मला लाज नाही. काम करता करता आलेलं म्हातारपण ते, त्याची कसली लाज? मला लाज वाटते ती एका फोटोची. एका द्राक्षाच्या पानाचा फोटो. तेवढी गोष्ट सांगायची म्हणून आज तोंड उघडतोय, नाहीतर माझ्यासारख्याने गप्प बसलेलंच बरं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेले पुष्कळ हात आठवतात, आणि एक मुलगी आठवते. तिने मला पहिल्यांदा सुरू केलं, भिंतीवरच्या रंगीत चौकोनांचा फोटो काढला, नीट निरखला आणि मला खोक्यात ठेवलं. त्या भिंतीवर एक पिवळा चौकोन होता आणि मी तो पिवळाच दाखवला होता. हे मी शपथेवर सांगतो. माझी नजर जन्मजात खोटी नव्हती.

पण नजरेवर आणखी एक विद्या चढवलेली होती. समोर चेहरा दिसला की डाग पुसायचे आणि रंग उजळायचा. आभाळ दिसलं की ते निळंशार करायचं. झाडझाडोरा दिसला की हिरवा रंग चढवायचा. आणि हे सगळं कोणी न सांगता, कोणाला न विचारता करायचं. मला त्याचा केवढा गर्व होता! वाटायचं, देवाने जे अर्धवट सोडलं ते मी पुरं करतो. बघा म्हणजे, किती शेफारलो होतो मी.

नाशिकला एम. जी. रोडवरच्या एका दुकानात काचेच्या कपाटात मला मांडलं. तिथे लखन नावाचा विक्रेता होता. जिभेवर साखर ठेवून बोलायचा. येईल त्या गिऱ्हाइकाला त्याचा एकच प्रश्न, "बोला, आता नवीन फोनमध्ये काय पाहिजे?" मग माणसं आपापली इच्छा सांगायची आणि मी कपाटातून ऐकायचो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले एक काका म्हणाले, "पाळी संपेपर्यंत बॅटरी टिकली पाहिजे. अख्ख्या जिल्ह्याला वीज देतो आम्ही, आणि माझाच फोन बंद!" एका आजोबांना मोठी अक्षरं हवी होती. कॉलेजच्या मुलींना कॅमेरा हवा होता, आणि कॅमेरा म्हणजे काय, तर आपण आहोत त्याहून जरा बऱ्या दिसलो पाहिजे. सगळे असंच काहीबाही मागायचे.

एकदा येवल्याचे एक विणकर आले. हातात पैठणीचा तुकडा. म्हणाले, "माझा हा जांभळा रंग फोटोत निळा येतो. गिऱ्हाइकाला साडी पोचली की ते म्हणतं, तुम्ही फसवलं. मला जांभळ्याला जांभळं दाखवणारा फोन द्या." लखन डोकं खाजवत राहिला.  मी मात्र कपाटात बसून मनातल्या मनात हसलो होतो. म्हटलं, काय येडा माणूस आहे! सुंदर दिसतंय तर ह्याला नको आहे. आज त्या माणसाची आठवण झाली की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेराव दुकानात आले. सोबत त्यांची बायको शुभांगीताई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी सायली. लखनने तोच प्रश्न विचारला.

"आवाज मोठा पायजे," खंडेराव म्हणाले. "फवारणीचा ब्लोअर चालू असला तरी रिंग ऐकू आली पायजे."

"मला तर बोलता बोलता बंद पडला नाही म्हणजे झालं," शुभांगीताई म्हणाल्या.

"पप्पा, कॅमेरा बघा आधी," सायली म्हणाली.

लखनने मला उचललं आणि तिघांचा फोटो काढला. मी माझी सगळी विद्या पणाला लावली. खंडेरावांचा उन्हाने रापलेला चेहरा उजळला, शुभांगीताईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. सायली टाळी वाजवून म्हणाली, "हाच घ्या!" खंडेराव स्वतःकडे बघत म्हणाले, "आयला, लग्नातल्यापेक्षा भारी दिसतोय की मी." आणि मी त्यांचा झालो. खरं दाखवतो का, हे तिघांपैकी कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. अंगणात ट्रॅक्टर, ब्लोअर आणि छाटणीच्या कात्र्या धुऊन मांडल्या होत्या. शुभांगीताईंनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं घातली आणि त्याच ओळीत मलाही एका पाटावर बसवून एक फूल ठेवलं. ट्रॅक्टरच्या पंगतीला बसलो मी! मला वाटलं, आता आपण ह्या घरचे झालो.

आणि मी काम केलंही, मित्रांनो. त्यात कसूर केली नाही. पहाटेचा पावसाचा अंदाज मी सांगायचो. व्यापाऱ्याला घडांचे फोटो मी पाठवायचो. बागेचे सल्लागार सार्थक सर नाशिकला राहायचे, त्यांच्याकडे अशा शंभरएक बागा. पंधरवड्यातून एकदा ते चक्कर मारायचे आणि मधल्या दिवसांत शेतकरी पानांचे, घडांचे फोटो पाठवून त्यांना विचारायचे. आमच्याकडे सगळे असंच करतात. पान तोडायचं, फोटो काढायचा, सरांना पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत बांधावर थांबायचं.

खंडेरावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. बावन्नाव्या वर्षी त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. शुभांगीताईंनी मागे लागून चष्मा करून आणला होता, पण तो कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडलेला. चष्मा लावून बागेत गेलो तर लोक म्हातारा म्हणतील, ही त्यांची भीती. मग ते काय करायचे, तर औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं असोत की पानावरचा डाग, मला समोर धरायचे, फोटो काढायचे आणि दोन बोटांनी मोठा करून बघायचे. म्हणजे मीच त्यांचा चष्मा झालो होतो. मला ह्याचाही गर्वच वाटायचा.

आता अक्काबाईंबद्दल सांगतो. त्या पेठकडच्या डोंगरातल्या. दरवर्षी भात कापून झालं की बारा बायांची टोळी घेऊन द्राक्षाच्या कामाला खाली यायच्या. आपसात सगळ्या त्यांच्या डोंगरातली कोकणी बोली बोलायच्या, खंडेरावांशी आमच्याकडची मराठी. त्या टोळीच्या मुकादम. खंडेरावांच्या बागेत त्यांनी पंधरा वर्षं कात्री चालवली होती. कुठल्या ओळीतली वेल आळशी आहे आणि कुठल्या ओळीत पाणी साचतं, हे त्यांना पाठ होतं. त्या खंडेरावांहून वयाने मोठ्या, पण त्यांना दादा म्हणायच्या, आणि खंडेराव त्यांना अक्का.

पहिल्याच वर्षी खंडेरावांनी हौसेने टोळीचा फोटो काढला आणि अक्काबाईंना दाखवला. त्या बघतच राहिल्या.

"ही कोण बाई?" त्या म्हणाल्या.

"अगं, तूच की!"

"मी नाय ही. माझं गोंदण कुठं गेलं?" त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. तिथे हिरवी चंद्रकोर आणि तीन ठिपके होते, त्यांच्या आईने लहानपणी गोंदवून घेतलेले. मी ते डाग समजून पुसून टाकले होते.

"फोननं तुला गोरी केली अन् तू तक्रार करती व्हय!" खंडेराव हसले. सगळ्या बाया हसल्या.

"गोरी नका करू दादा," अक्काबाई म्हणाल्या. "माझी मला राहू द्या. ह्यो तुमचा फोन लय लाडीगोडी लावतो."

तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं. पण मला वाटलं, डोंगरातली बाई, तिला काय कळतंय.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरची छाटणी झाली, वेलीवरचे डोळे फुटून अंकुर आले, कोवळे घड बाहेर आले. आणि नेमकी हवा बिघडली. सकाळी धुकं, दिवसभर ढगाळ. अशा हवेत द्राक्षावर डावणी नावाचा रोग येतो. आधी पानावर तेल सांडल्यासारखा फिकट पिवळा डाग पडतो, मग पानाखाली पांढरी बुरशी धरते, आणि तिथून ती घडात शिरली की घड वाळून जातो. त्या दिवसांत बागायतदाराला घास गोड लागत नाही.

बुधवारी सकाळी अक्काबाई खालच्या ओळीतून एक पान घेऊन आल्या.

"दादा, हे बघा. डावणी धरली."

खंडेरावांनी पान लांब धरलं, जवळ धरलं. त्यांना हिरवं धुकट काहीतरी दिसलं. त्यांनी खिशातून मला काढलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला, दादा?" अक्काबाई म्हणाल्या. "पान तुमच्या हातात हाय, अन् तुम्ही ते फोटोत बघताय?"

खंडेरावांनी पानाचा वरून एक फोटो काढला आणि उलटं करून दुसरा. आणि मित्रांनो, इथेच मी माती खाल्ली. समोर पान दिसलं मात्र, माझी विद्या जागी झाली. पिवळ्या डागावर मी हिरवा रंग चढवला. पानाखालची पांढरी बुरशी मला कचरा वाटली, ती मी गुळगुळीत करून टाकली. पडद्यावर असं पान आलं की कॅलेंडरवर छापावं. खंडेरावांनी ते मोठं करून बघितलं, सरांना पाठवलं आणि थोड्या वेळाने उत्तर आलं, "पान निरोगी दिसतंय काका. जास्तीच्या फवाऱ्याची गरज नाही. रविवारी चक्कर मारतो."

खंडेरावांनी ते सगळ्या टोळीपुढे मोठ्याने वाचून दाखवलं. बारा बाया हातातल्या कात्र्या थांबवून ऐकत होत्या. अक्काबाई मात्र मागे हटल्या नाहीत, त्यांनी पान परत आपल्या हातात घेतलं.

"सर तिकडं नाशकात हायेत, पान इथं माझ्या हातात हाय," त्या म्हणाल्या. "आजच्या आज फवारा घ्या. खालच्या ओळीतली पानं आम्ही खुडून बाहेर टाकतो. दोन दिवस थांबलात तर घड जातील."

खंडेरावांचा पारा चढला. जवळचं दिसत नाही हे चारचौघांत कबूल करायचं नव्हतं, आणि माघार तर त्याहून घ्यायची नव्हती.

"तुला काय कळतं गं पानातलं?" ते ओरडले. "सही करता येत नाय, अन् डाक्तरला शिकवायला निघाली! तुला काम वाढवायचं हाय. चार दिवस जास्तीचं काम पायजे, म्हणून चांगल्या पानाला रोग चिकटवती. लबाड कुठली!"

  अक्काबाईंनी ते पान मांडवाच्या तारेत खोचलं, हात पदराला पुसले आणि चालू लागल्या. दुपारपर्यंत शेडमधली गाठोडी बांधून सगळी टोळी ओहोळापलीकडच्या रावजींच्या बागेत कामाला गेली.

लबाड मी होतो, मित्रांनो. शिवी मात्र अक्काबाईंना बसली. मी खिशात होतो, सगळं ऐकत होतो, आणि मला बोलता येत नव्हतं. मला लोकांचे आवाज मुंबईपर्यंत पोचवता येतात, पण हातभर अंतरावरच्या माणसाला 'अहो, मी खोटं दाखवलं' एवढं सांगता आलं नाही. तेव्हापासून जी मान खाली गेली ती अजून वर आलेली नाही.

गुरुवारी, शुक्रवारी रिमझिम पाऊस झाला. रविवारी सार्थक सर आले. पहिल्या ओळीत वाकले आणि एक घड हातात घेऊन बघितला.

"काका, ही डावणी आहे. घडात उतरलीये."

"असं कसं? तुम्हीच म्हणाला होता पान चांगलं हाय!"

सरांनी आपल्या फोनवरचा बुधवारचा फोटो काढला आणि खंडेरावांपुढे धरला. "हे बघा. ह्यात डाग कुठे आहे? मी स्वतः यायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण फोटोत मला काहीच दिसलं नाही."

शुभांगीताई घरी गेल्या आणि चष्मा घेऊन आल्या. तारेत खोचलेलं ते पान सुकून तसंच लटकत होतं. त्यांनी ते काढून नवऱ्याच्या एका हातात दिलं, दुसऱ्या हातात मला दिलं.

"घाला चष्मा. आता बघा दोन्ही."

खंडेरावांनी बघितलं. सुकलेल्या पानावरही डागाची कड स्पष्ट होती. माझ्या पडद्यावर तेच पान हिरवंगार हसत होतं.

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," शुभांगीताई म्हणाल्या. "पण तुम्हाला तर दिसतच नव्हतं. आणि त्या बाईला लबाड म्हणालात."

त्या दिवशी ब्लोअर दिवसभर फिरला, पण बैल गेला आणि झोपा केला असला तो प्रकार. वरच्या बाजूचा बाग वाचला, खालच्या ओळींचे घड वाळून गेले. ओहोळापलीकडे रावजींचा बाग मात्र शाबूत होता. अक्काबाईंनी त्यांनाही बुधवारीच एक पान दाखवलं होतं. रावजींनी ते उन्हात धरून बघितलं होतं आणि संध्याकाळच्या आत फवारा घेतला होता.

पुढच्या आठवड्यात दिंडोरीच्या बाजारात खंडेरावांना अक्काबाई दिसल्या. सुक्या बोंबलाच्या दुकानापुढे उभ्या होत्या. खंडेरावांनी आजूबाजूला बघितलं, ओळखीचं कोणी नाही अशी खात्री केली, आणि जवळ जाऊन हळूच म्हणाले, "अक्का, झालं गेलं गंगेला मिळालं. ये उद्यापासून परत."

"गंगेला नाय मिळालं, दादा," अक्काबाई म्हणाल्या. "बारा बायांच्या कानात हाय ते अजून. माझ्याच टोळीतली पोर मला इचारते, अक्का, खरंच काम वाढवायला बोलली व्हतीस का गं? मुकादमाचा शब्द गेला तर टोळी राहत नाय. माझ्या बोलण्यावर घरदार सोडून येत्यात त्या. लबाड म्हणालात बारा जणींपुढं, अन् मिटवायला आलात इथं बोंबलापुढं, हळू आवाजात."

"मग काय करू?"

"ज्यांच्यापुढं बोललात त्यांच्यापुढंच बोला."

एवढं बोलून त्या बोंबील मोजून घ्यायला लागल्या. खंडेराव मोटारसायकलवर बसून घरी आले.  दोन दिवस सगळा राग माझ्यावर. "ह्या डबड्यामुळं झालं सगळं," असं म्हणून मला पलंगावर आपटायचे. मी मुकाट ऐकून घेतलं. अर्धा दोष माझा होताच. पण उरलेला अर्धा माझा नव्हता, आणि तो त्यांनाही ठाऊक होता. बारा जणींपुढे उभं राहण्यापेक्षा नाशिकला जाऊन नवीन फोन घेणं त्यांना सोपं वाटलं. माणसं पुष्कळदा असंच करतात, असं मी आता म्हणू शकतो.

एम. जी. रोडवर तेच दुकान, तोच लखन. "बोला काका, नवीन फोनमध्ये काय पाहिजे?"

"जसं हाय तसं दाखवणारा दे," खंडेराव म्हणाले. "पिवळ्याला पिवळं. डागाला डाग."

लखन हसायला लागला. "काका, असं मागणारे तुम्ही दुसरे. येवल्याचे एक विणकर येतात, एक ते आणि एक तुम्ही."

"मग त्यांना कुठला फोन दिलास?"

"कुठलाच नाही. तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, नंतर कळलं. त्यांच्या फोनमधलं एक बटण बंद करून दिलं फक्त. आणा तुमचा."

त्याने मला हातात घेतलं, कॅमेरा उघडला, कोपऱ्यात दोनदा बोट लावलं. झालं. तेवढ्यात माझी सगळी विद्या झोपली. मग त्याने खंडेरावांचा फोटो काढला आणि त्यांच्यापुढे धरला. खंडेरावांनी खिशातून चष्मा काढून लावला. पडद्यावर एक थकलेला माणूस होता. वाढलेली पांढरी दाढी, खोल गेलेले डोळे, कपाळावर आठ्या. तो कोणाच्या तरी समोरून पळून आलेला दिसत होता.

"हे बटण तीन वर्षं हितंच व्हतं?"

"हो काका. पण तुम्ही विचारलं नाहीत. आणि खरं सांगू? आम्हीही सांगत नाही. ते बंद केलं की कोणाला स्वतःचा फोटो आवडत नाही." लखनने कपाटाकडे हात केला. "दाखवू का नवीन?"

खंडेरावांनी फोटोवरून नजर काढून मला खिशात ठेवलं. मग म्हणाले, "नको. फोनचं काम झालं. माझं राहिलंय."

ते घरी न जाता थेट रावजींच्या बागेत गेले. दुपारची वेळ, मांडवाखाली टोळीचं विरळणीचं काम चाललेलं. घडातले दाट मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते. खंडेराव चष्मा लावून ओळीच्या तोंडाशी उभे राहिले. खिशात माझ्यावर त्यांचा हात होता. बायांनी एकदा वळून बघितलं आणि पुन्हा कात्र्या चालू केल्या.

"या खंडेराव, चहा घ्या," रावजी म्हणाले.

"चहा मागून. आधी ह्यांच्याशी बोलायचंय." ते टोळीकडे वळले. "बायांनो, जरा ऐका. त्या दिवशी पान आजारी व्हतं. अक्काबाई खरं बोलत व्हत्या. काम वाढवायला नाय, माझा बाग वाचवायला बोलत व्हत्या." खंडेरावांनी चष्म्याला हात लावला. रावजी खाली बघायला लागले. "मला जवळचं दिसत नाय. चष्म्याची लाज वाटायची, म्हणून मी फोनमधी बघत व्हतो. फोननं खोटं दाखवलं अन् मी ते खरं धरलं, कारण मला तेच पायजे व्हतं. अक्काबाई, तुम्हाला लबाड म्हणालो ते चुकलं माझं. पंधरा वर्षांत तुमचा एक शब्द खोटा निघाला नाय. ह्या सगळ्यांपुढं माफी मागतो."

अक्काबाईंनी हातातला घड पुरा केला. एकेक मणी नीट बघून काढला. मग कात्री कमरेला खोचून त्या पुढे आल्या.

"चष्मा बरा दिसतो तुम्हाला," त्या म्हणाल्या.

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी टोळी हसली. खंडेरावांनी डोळे पुसले. चष्म्याच्या आतून पुसायची सवय नव्हती, म्हणून काच ओली झाली.

"येणार का परत?" त्यांनी विचारलं.

"रावजीदादांचं काम अर्धं टाकून नाय यायची. हे सरलं की येऊ." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "काढा आता माझा फोटो. बघू, सुधारला का तुमचा लाडीगोडीवाला."

खंडेरावांनी मला वर धरलं. समोर चेहरा आला. जुन्या सवयीने माझ्यात काहीतरी उठायला गेलं, पण बटण बंद होतं. मी फक्त बघितलं. उन्हाने काळवंडलेली कातडी, गालांवरच्या सुरकुत्या, नाकाजवळ औषधाचा एक निळा थेंब, आणि कपाळावर हिरवी चंद्रकोर आणि तीन ठिपके. जन्मल्यावर तो पिवळा चौकोन बघितला होता, त्यानंतर इतकं सरळ मी काही बघितलं नव्हतं.

अक्काबाईंनी मला हातात घेतलं आणि डोळ्यांजवळ धरलं.  मग त्यांनी बोटाने काचेवरची चंद्रकोर चाचपली.

"हां," त्या म्हणाल्या. "ही मी."

मित्रांनो, माझ्यासारखे जुने मोबाइल शेवटी तुम्हाला विनवतात, आमची काच पुसा, आम्हाला पाण्यात पाडू नका. मी तसं काही मागत नाही, तो हक्क मी घालवला. तुम्हीही लवकरच नवीन फोन घ्यायला जाल. मोठा आवाज मागा, दांडगी बॅटरी मागा, खुशाल मागा. पण कोणी पान हातात देऊन 'बघा' म्हणालं, तर आधी ते पान बघा, आणि मग ते देणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघा. मला खिशात राहू द्या. आणि चष्मा लागला असेल तर लावा हो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारख्या गोष्टी वेगळ्या असतात, त्या मला विचारा.

माझ्यातली जागा आता सारखी भरते. खंडेराव बांधावर बसून एकेक जुना फोटो पुसत असतात. दसऱ्याचा ट्रॅक्टर गेला, लग्नांमधल्या पंगती गेल्या, दुकानातला तो गोरागोमटा फोटोही गेला. दोन फोटो मात्र त्यांनी ठेवलेत. एक त्या बुधवारच्या पानाचा आणि एक अक्काबाईंचा. एक खोटा आहे, एक खरा आहे. दोन्ही मीच काढलेत.